तालुक्याच्या कार्यालयात सहा प्रश्नांचं सर्वेक्षण: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पंचायत समिती, तहसील, तालुका आरोग्य, बांधकाम उपविभाग, वनपरिक्षेत्र, नगरपंचायत अशा एखाद्या सरकारी कार्यालयात तुम्ही नव्याने रुजू झाला आहात आणि साहेबांनी किंवा मॅडमनी सांगितलंय, ‘आपल्या स्टाफचं एक छोटं सर्वेक्षण घ्या, लोकांचं कामात मन आहे की नाही ते कळू दे.’ हा लेख अशा माणसासाठी लिहिला आहे. उदाहरणं कोकणपट्टीतली आहेत, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. इथली कार्यालयं लहान, गावं लांबलांब, पाऊस चार महिने आणि सगळे एकमेकांना ओळखतात. शहरातल्या कंपनीची प्रश्नावली उचलून इथे वाटली तर तीन दिवसांत सगळे खरं बोलायचे थांबतात.

कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या संघ सरकारने 2002 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचं असं सर्वेक्षण सुरू केलं आणि 2010 ते 2024 या काळात ते दरवर्षी झालं. ब्रिटनच्या सनदी सेवेत 2009 पासून ते होतं. ती सर्वेक्षणं मोठी, वर्षातून एकदा होणारी. त्यांतून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वेक्षणात कामातली ओढ तीन बाजूंनी बघायचे: वरचं नेतृत्व कसं आहे, लगतचा वरिष्ठ कसा वागतो, आणि माणसाला स्वतःच्या कामात अर्थ वाटतो का. आपल्या सहा प्रश्नांतही या तीन बाजू आल्या पाहिजेत. बाकी आपल्याला लागतं ते अगदी लहान सर्वेक्षण: पाच ते सात प्रश्न, तीन-चार मिनिटांचं काम, वर्षातून तीनदा.

आपल्याकडे 2025 मध्ये राज्य सरकारने 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम राबवला, त्यात कार्यालयातल्या सोयीसुविधा हे एक कलम होतं. त्या निमित्ताने बऱ्याच ठिकाणी भिंती रंगल्या, कपाटं लागली, पिण्याच्या पाण्याची सोय झाली. हे चांगलंच झालं. पण कपाटं मोजता येतात तशी ‘या टेबलावर बसून माझा काही उपयोग होतो का’ ही भावना मोजता येत नाही. ती विचारावीच लागते.

पहिली पायरी: आपल्या हातात काय आहे ते आधी लिहून काढा

प्रश्न तयार करण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे लिहा, कार्यालयप्रमुख स्वतःच्या अधिकारात काय बदलू शकतात. उजवीकडे लिहा, काय मंत्रालयातून किंवा जिल्ह्यातूनच होतं.

उजवा रकाना पटकन भरतो: रिक्त पदं, पगार, पदोन्नती, बदल्या. डावा रकाना लोकांना रिकामा वाटतो, पण तो तसा नसतो. सेवापुस्तकातल्या नोंदी अद्ययावत ठेवणं, प्रवास भत्त्याची देयकं वेळेत कोषागारात पाठवणं, वैद्यकीय प्रतिपूर्तीचे प्रस्ताव उगाच त्रुटी न काढता पुढे सरकवणं, आश्वासित प्रगती योजनेत (पदोन्नती न मिळालेल्याला वरची वेतनश्रेणी देणारी योजना) ज्याची 10, 20 किंवा 30 वर्षं भरली त्याचं नाव स्वतःहून पुढे करणं, रजा मंजूर-नामंजूर वेळेत कळवणं, टेबलांची वाटणी, नियंत्रण कक्षाच्या रात्रपाळ्यांची वाटणी, महिलांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह, रात्री दहानंतर ग्रुपवर ‘तात्काळ माहिती सादर करा’ असे निरोप टाकायचे की नाहीत. कर्मचाऱ्याचं मन कामातून उडतं ते बहुतेक वेळा या डाव्या रकान्यामुळे. पदोन्नती रखडली हे दुःख मोठं असतं, पण ते सगळ्यांचं सारखं असतं. आपलंच प्रवास देयक आपल्याच आस्थापना शाखेत आठ महिने पडून राहिलं, हे मात्र रोज टोचतं.

सर्वेक्षणातले प्रश्न मुख्यतः डाव्या रकान्यातून घ्या. जे बदलण्याची तुमची किंवा साहेबांची तयारीच नाही ते विचारू नका. एकदा विचारलं की लोक वाट बघतात, आणि वाट बघून काहीच झालं नाही तर पुढच्या वेळी कोरा कागद परत येतो. सर्वेक्षण न घेतलेलं कार्यालय आणि सर्वेक्षण घेऊन गप्प बसलेलं कार्यालय, यांत दुसऱ्याची अवस्था वाईट असते. हे साहेबांना सुरुवातीलाच, नम्रपणे पण स्पष्ट सांगा. ‘निकाल लागल्यावर निदान दोन गोष्टी आपण पंधरा दिवसांत करू’ एवढा शब्द त्यांच्याकडून घ्या. तो मिळत नसेल तर सर्वेक्षण पुढे ढकला.

दुसरी पायरी: टिपणी

तोंडी आदेशावर काम सुरू करू नका. एक पानाची टिपणी ठेवा आणि मंजूर करून घ्या. तिच्यात चार गोष्टी असाव्यात: हेतू, प्रश्न, भरलेले कागद कोण उघडणार, आणि ते किती दिवस ठेवून अभिलेख वर्गीकरणाप्रमाणे (कुठला कागद किती काळ जपायचा ते ठरवणारी विभागणी) कधी नष्ट करणार. शेवटची गोष्ट आधी ठरवलेली बरी, कारण सरकारी कार्यालयात आलेला कागद मनाला येईल तेव्हा फाडता येत नाही.

याच टिपणीत एक ओळ ठळक हवी: ‘या सर्वेक्षणाचा उपयोग कोणाच्याही गोपनीय अहवालासाठी, बदलीसाठी किंवा कार्यालयांच्या गुणानुक्रमासाठी केला जाणार नाही.’ कार्यालयाला गुण मिळणार असं कळलं की प्रमुख स्वतःच टेबलाटेबलावर जाऊन ‘चांगलं लिहा हां’ म्हणतात. मग जे हाती येतं ते त्यांनी सांगितलेलं असतं.

कर्मचारी संघटनेच्या तालुका प्रतिनिधींना मंजुरीनंतर नव्हे, मंजुरीआधी भेटा. प्रश्न दाखवा, त्यांची दुरुस्ती असेल तर घ्या. त्यांनी मासिक बैठकीत ‘भरा, हरकत नाही’ म्हटलं की तुमचं अर्धं काम झालं.

तिसरी पायरी: माणसं मोजा

अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडच्या सर्वेक्षणांत दहापेक्षा कमी लोकांनी उत्तरं दिलेल्या गटाचा निकाल वेगळा दाखवत नाहीत. आपणही हा आकडा धरून चालावं. मंडणगड किंवा दोडामार्गसारख्या लहान तालुक्यातल्या एखाद्या कार्यालयात सगळे मिळून बारा-चौदाच माणसं असतील, तर अख्खं कार्यालय हा एकच गट. शाखावार, पदवार, स्त्री-पुरुष असं काहीही वेगळं काढू नका. चौदांत दोनच बाया असतील आणि कागदावर ‘स्त्री / पुरुष’ अशी चौकट असेल, तर तुम्ही नाव विचारल्यासारखंच आहे.

दहापेक्षाही कमी माणसं असतील तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जिल्हास्तरावरून एकत्र सर्वेक्षण: रत्नागिरीचे नऊ किंवा सिंधुदुर्गाचे आठ तालुके मिळून एकाच खात्याची माणसं पुरेशी होतात. किंवा तालुक्यातली सगळी प्राथमिक आरोग्य केंद्रं एकत्र घ्या. दुसरी वाट म्हणजे सर्वेक्षणच नको, कामाचा दिवस संपल्यावर सगळ्यांनी बसून बोला. सात माणसांच्या कार्यालयाला प्रश्नावली लागत नाही.

कंत्राटी आणि बाह्यस्रोताच्या माणसांना धरायचं का, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत ठाम आहे: धरा. डेटा एंट्री करणारी मुलं, वाहनचालक, सफाई कामगार, रात्रीचा पहारेकरी यांच्याशिवाय कुठलंही कार्यालय एक दिवस चालत नाही, आणि त्यांना कोणी कधी काही विचारलेलं नसतं. फक्त त्यांची संख्या दहाच्या आत असेल तर त्यांचाही वेगळा गट करू नका.

चौथी पायरी: प्रश्न

पहिल्यांदा करताना हे सहा घ्या आणि आपल्या कार्यालयाप्रमाणे शब्द बदला:

1. माझ्या कामाचा लोकांना उपयोग होतो असं मला वाटतं.
2. माझ्याकडून नक्की काय काम अपेक्षित आहे ते मला माहीत आहे.
3. काम करायला लागणारं साहित्य मला मिळतं.
4. मी अडचण सांगितली तर माझे लगतचे वरिष्ठ ऐकून घेतात.
5. कार्यालयातले महत्त्वाचे निर्णय आम्हाला वेळेत कळतात.
6. ओळखीच्या एखाद्या सहकाऱ्याची बदली होत असेल तर मी त्याला ‘आमच्या कार्यालयात ये’ म्हणून सांगेन.

प्रत्येकापुढे पाच चौकटी: अगदी बरोबर, बरोबर, सांगता येत नाही, बरोबर नाही, अजिबात बरोबर नाही. खाली एक मोकळा प्रश्न: ‘पुढच्या तीन महिन्यांत या कार्यालयातली एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?’

सहाव्या प्रश्नावर थोडं थांबतो. खाजगी कंपन्यांत विचारतात, ‘इथे नोकरीला ये असं तुम्ही मित्राला सांगाल का?’ सरकारी नोकरी स्पर्धा परीक्षेतून किंवा सरळसेवा भरतीतून मिळते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पोकळ ठरतो. मग लोक त्याऐवजी लिहितात, ‘बदलीची संधी आली तरी मला इथेच राहायला आवडेल.’ कोकणात हा प्रश्न पूर्ण फसतो. इथे जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि इतर खात्यांत घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पुष्कळ माणसं आहेत. त्यांचे आईवडील तिकडे, शेती तिकडे, कधी कधी बायको-मुलंही तिकडे. आंतरजिल्हा बदलीची त्यांची वाट बघणं हे कामावरचं मन उडाल्याचं लक्षण नाही. लातूरचा एखादा शिक्षक राजापूरच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत जीव ओतून शिकवत असतो आणि तरीही त्याला घरी जायचं असतं. ‘इथेच राहाल का’ या प्रश्नाला तो ‘नाही’ लिहिणार, आणि आपण त्याचा अर्थ चुकीचा लावणार. म्हणून प्रश्न कार्यालयाबद्दल ठेवा, जिल्ह्याबद्दल नको.

एका वाक्यात दोन गोष्टी घालू नका. ‘माझे वरिष्ठ मार्गदर्शन करतात आणि न्यायाने वागतात’ यावर माणसाने काय लिहायचं? मार्गदर्शन उत्तम करणारे आणि रजेत मात्र आपपरभाव करणारे वरिष्ठ असतातच. कार्यालयीन मराठीही टाळा. ‘कार्यालयीन संसाधनांची उपलब्धता समाधानकारक आहे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते परिपत्रक वाटतं आणि तो परिपत्रकाला देतो तसं उत्तर देतो. शिपाईभाऊ, वाहनचालक आणि कक्ष अधिकारी या तिघांना एकदा वाचून कळेल अशी भाषा ठेवा. वाटण्याआधी तिघांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे अडखळतात ते बघा आणि तो शब्द काढा.

कागदाच्या तळाशी तीन गोष्टी छापा. हे सर्वेक्षण म्हणजे तक्रार अर्ज नव्हे, आणि गंभीर गोष्टींना वेगळी दारं आहेत: लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे कार्यालयाची अंतर्गत तक्रार समिती, लाचेच्या प्रकारासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक, आणि मनावरचा ताण असह्य होत असेल तर टेलिमानसचा 14416. ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याने ती निनावी चिठ्ठीत लिहावी आणि ती चिठ्ठी महिनाभर पेटीत पडून राहावी, असं होता कामा नये.

पाचवी पायरी: कोणी काय लिहिलं ते कळता कामा नये

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

तालुक्याच्या गावात माणूस अक्षरावरून ओळखला जातो. आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्याने वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नोंदी बघितलेल्या असतात. ‘माझा अक्षर सगळे वळाखतत’ असं कुडाळ-मालवणकडची एखादी ताई म्हणाली तर ती खरंच सांगत असते. म्हणून मुख्य कागदावर फक्त खूण करायची, एक अक्षरही लिहायचं नाही. मोकळ्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी ज्याला हवी त्याने घरून टाईप करून आणावी, मुलाकडून लिहून घ्यावी, किंवा टाकूच नये.

जितकी माणसं तितकेच कागद छापा. कार्यालयाचा शिक्का प्रत्येकावर एकाच जागी, अनुक्रमांक कुठेही नको. खूण करायला सगळ्यांना एकसारखी पेनं द्या. आणि नियम असा ठेवा की कागद प्रत्येकाने पेटीत टाकायचाच, भरलेला असो की कोरा. यामुळे दोन फायदे होतात. कोणी दोनदा भरू शकत नाही, आणि ज्याला भरायचं नाही तोही इतरांसारखाच घडी घालून टाकतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. पेटी साहेबांच्या दालनाबाहेर ठेवू नका. कॅमेऱ्याखालीही नको.

गूगल फॉर्म सोपा वाटतो आणि मोठ्या कार्यालयाला तो बरा. पण तीन गोष्टी तपासा. ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना? ‘एकाने एकदाच भरावं’ ही सोय चालू केली तर भरणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून लॉगिन करावं लागतं. तुम्हाला त्याचं नाव दिसलं नाही तरी ‘नाव जाणार’ अशी भीती बसते, ती समजावून जात नाही. आणि उत्तरांच्या तक्त्यात प्रत्येक उत्तराची वेळ नोंदली जाते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस जणांच्या कार्यालयात कोण मोबाईल घेऊन बसलं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. तक्ता कोणालाही दाखवण्याआधी वेळेचा रकाना काढून टाकायलाच हवा. शिवाय संगमेश्वर, लांजा, वैभववाडीच्या आतल्या गावांत नेटवर्कचा भरवसा नाही. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्य सेविका तालुक्याला बैठकीला येतात त्या दिवशी कागदावर घेणं हेच सगळ्यांत सरळ.

पेटी कोणी उघडायची? आस्थापना शाखेने नाही, साहेबांच्या स्वीय सहायकाने नाही, आणि शक्यतो तुम्हीही नाही. शेजारच्या तालुक्यातला समकक्ष अधिकारी, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतली एखादी व्यक्ती, किंवा गावातल्या महाविद्यालयातले प्राध्यापक यांना विनंती करा आणि टिपणीत त्यांचं पद लिहा. मोकळ्या चिठ्ठ्या त्यांनी एकट्याने वाचाव्यात, मजकूर स्वतःच्या शब्दांत उतरवावा, व्यक्तींची नावं आणि ओळख पटेल असे प्रसंग गाळावेत. साहेबांकडे जाईल तो हा उतारा. मूळ चिठ्ठ्या सीलबंद पाकिटात राहतील.

वजाबाकीनेही माणूस उघडा पडतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. समजा एकूण 27 जणांनी भरलं. तुम्ही अहवालात ‘एकूण 27’ आणि ‘क्षेत्रीय कर्मचारी 23’ असे दोन तक्ते दिले. एका प्रश्नाला एकूण सात जणांनी ‘बरोबर नाही’ म्हटलं, क्षेत्रीयांपैकी तिघांनी. उरलेले चौघे कोण? कार्यालयात टेबलावर बसणारे चारच जण, आणि चौघांनीही वरिष्ठांविरुद्ध लिहिलं हे सगळ्यांना कळलं. चौघांचा तक्ता तुम्ही छापला नव्हता, तरीही. म्हणून एक गट वेगळा दाखवायचा तर मागे उरणारा गटही दहाच्या वर आहे का ते बघा.

हे सगळे कागद माहितीच्या अधिकारात उद्या कोणी मागू शकतो, असं धरून चाला. 2005 च्या त्या कायद्यात वैयक्तिक माहितीला संरक्षण आहे, पण त्यावर विसंबू नका. जी ओळख कागदावर नाहीच ती कोणालाच द्यावी लागत नाही.

सहावी पायरी: कधी विचारायचं

मार्चअखेर नको. शिमग्याचे आणि गणपतीचे पंधरा दिवस नकोत. तेव्हा अर्धं कार्यालय रजेवर आणि उरलेलं अर्धं रजेवर गेलेल्यांचं काम ओढत असतं. निवडणुकीच्या कामात नको. जून ते सप्टेंबर आपत्तीचे महिने. जून 2020 चं निसर्ग वादळ किंवा जुलै 2021 चा चिपळूणचा पूर ज्यांनी ड्युटीवर काढला त्यांना विचारा, त्या दिवसांत पंचनामे करणाऱ्या माणसापुढे प्रश्नावली धरणं कसं वाटलं असतं.

पण म्हणून पावसाळ्याबद्दल विचारूच नये असं नाही. कोकणातल्या सरकारी माणसाची खरी परीक्षा त्याच चार महिन्यांत होते. मी सुचवेन ते वेळापत्रक असं: पहिलं ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, दुसरं जानेवारीच्या अखेरीला, तिसरं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, बदल्यांची गडबड सुरू होण्याआधी. ऑक्टोबरच्या कागदावर नेहमीच्या सहांबरोबर एक जादा प्रश्न घाला: ‘पावसाळ्यातल्या ड्युट्या सगळ्यांना न्यायाने वाटल्या गेल्या.’ याची उत्तरं पुढच्या जूनचा तक्ता करताना कामाला येतात. मत्स्यव्यवसाय आणि बंदर खात्यांची गोष्ट निराळी. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि ऑगस्टपासून बोटी पुन्हा निघतात. त्यांनी आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे लावावं.

सातवी पायरी: मोजणी

सरासरी काढू नका. ‘आपल्याला पाचपैकी 3.4 मिळाले’ याने कोणालाच काही कळत नाही. साध्या कागदावर पाच रकाने आखा, उभ्या रेघा मारत मोजा आणि माणसं सांगा: 27 पैकी 15 जण म्हणतात ऐकून घेतलं जातं, 5 जणांना सांगता येत नाही, 7 जण नाही म्हणतात.

‘सांगता येत नाही’ हा रकाना निर्विकार समजू नका. जिथे विश्वास कमी असतो तिथे ‘नाही’ म्हणणारा माणूस मधल्या चौकटीत लपतो. साहित्याच्या प्रश्नाला सगळे ठाम उत्तर देतात आणि वरिष्ठांच्या प्रश्नाला अर्धे मध्ये बसतात, असं दिसलं तर त्या मधल्यांकडेच लक्ष द्या. कोऱ्या कागदांचंही तसंच. 38 कागदांपैकी 17 कोरे आले तर ते 17 जण आळशी नव्हेत. पण कोणी कोरा टाकला याचा शोध चुकूनही घेऊ नका.

आणि लहान आकड्यांना घाबरून राहा. ऑक्टोबरात 27 पैकी 15 जण ‘ऐकून घेतात’ म्हणाले, जानेवारीत 26 पैकी 17. टक्क्यांत लिहिलं तर 56 वरून 65, म्हणजे नऊ टक्क्यांची झेप! प्रत्यक्षात फरक दोन माणसांचा आहे, आणि मधल्या काळात एकाची बदलीही झालेली असू शकते. बारा जणांच्या कार्यालयात एका माणसाचं मत पालटलं की आठ टक्के हलतात. दोन-तीन माणसांच्या फरकावर कोणाचं अभिनंदन करू नका, कोणाला जाबही विचारू नका. तीन वेळच्या सर्वेक्षणांत तोच कल दिसला तर बोला. म्हणूनच प्रश्नांचे शब्द मध्येच बदलायचे नाहीत. बदललात तर मागची तुलना गेली.

आठवी पायरी: पंधरा दिवसांत परत सांगा

निकाल आधी साहेबांना, एकांतात सांगा. वरिष्ठांबद्दलच्या प्रश्नाची उत्तरं वाईट असतील तर भर बैठकीत ती पहिल्यांदा ऐकणं कुठल्याही माणसाला अपमानाचं वाटतं, आणि मग तो ‘हे कोणी लिहिलं असेल’ याच विचारात अडकतो. एक दिवस जाऊ द्या. बहुतेक अधिकारी दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारतात, ‘काय करू या सांगा.’

मग एका पानाचा तक्ता करा आणि तो सूचना फलकावर लावा, मासिक बैठकीत वाचून दाखवा. तीन रकाने पुरतात: तुम्ही काय सांगितलं, आम्ही काय करणार आणि कधीपर्यंत, आणि जे आमच्या हातात नाही ते कोणाला कळवलं. तिसऱ्या रकान्यात नुसतं ‘वरिष्ठ कार्यालयास कळवले’ लिहू नका. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा. सरकारी माणूस जावक क्रमांकावर विश्वास ठेवतो, कारण तो क्रमांक कुठल्या पत्राचा हे त्याला स्वतः नोंदवहीत बघता येतं.

‘आम्ही काय करणार’ यात दोनच गोष्टी घ्या, पण होणाऱ्या घ्या. उदाहरणार्थ: ‘30 नोव्हेंबरपर्यंत सगळ्यांची प्रलंबित प्रवास देयकं निकाली काढू; त्यानंतर दर महिन्याच्या 10 तारखेला किती आली आणि किती गेली ते फलकावर लावू.’ किंवा ‘रात्री आठनंतर ग्रुपवर फक्त आपत्तीचे निरोप.’ हे पैशाशिवाय होतं, उद्यापासून होतं आणि सगळ्यांना दिसतं. नव्या इमारतीचा प्रस्ताव हे पहिल्या सर्वेक्षणाचं उत्तर असू नये.

न पटणारी मागणी असेल तर तसं सरळ सांगा. ‘शनिवारी कोणालाच बोलावू नये असं काही जणांनी सांगितलं. शक्य तितकं पाळू, पण अतिवृष्टीच्या इशाऱ्यात पाळता येणार नाही.’ कारण दिलेला नकार लोक मान्य करतात.

नववी पायरी: फाईल

सरकारी कार्यालयात तीन वर्षांनी साहेब बदलतात, कधी त्याआधीही. त्यांच्याबरोबर सर्वेक्षण जाऊ नये म्हणून एक नस्ती उघडा. तिच्यात मंजूर टिपणी, प्रश्नांचा मूळ नमुना, प्रत्येक वेळचे एकूण आकडे, फलकावर लावलेली पानं आणि वर पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती (कार्यालयात राहणाऱ्या प्रती) ठेवा. भरलेले कागद आणि चिठ्ठ्या या नस्तीत नकोत. ते सीलबंद, वेगळे आणि ठरल्या मुदतीनंतर नष्ट. कार्यभार हस्तांतराच्या यादीत या नस्तीचा उल्लेख करा, आणि तिच्या पहिल्या पानावर पुढच्या सर्वेक्षणाची तारीख आणि अजून पूर्ण न झालेली कबुली लिहून ठेवा. नवे अधिकारी आले की पहिल्या आठवड्यात ते पान त्यांच्यापुढे ठेवा.